टॉर्च कोरल मिटून बसलंय, टाकीत जागा कुठे देऊ?

सागरगोटा | ६ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. चौदा महिन्यांपूर्वी मी आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकाने मिळून ४० गॅलनची (साधारण १५० लिटर) खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. टाकी ३६ इंच लांब, पुढून मागे १८ इंच. मासे मोजके आहेत: क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक गोबी. कोरलं (प्रवाळं) अशी: झोअँथिड, मागच्या काचेवर पसरलेले हिरवे स्टार पॉलिप, एक डंकन आणि पहिल्याच महिन्यात घेतलेलं एक चांदण्यांसारखं हिरवं कोरल. ही सगळी मजेत आहेत.

१ ऑगस्टला दोन डोक्यांचं (दोन फांद्यांवर दोन जिवंत तोंडं असलेलं) टॉर्च कोरल आणलं. हिरवी बोटं आणि टोकाला पिवळसर मणी. पहिले चार दिवस असं काही फुललं होतं की लेक शाळेच्या सुट्टीत तासन् तास टाकीपुढून हलत नव्हता. पाचव्या दिवसापासून ते आक्रसायला लागलं. मग मी जागा बदलत गेले. आधी मधल्या खडकावर होतं, तिथून उजवीकडे वाळूत ठेवलं, मग डाव्या कोपऱ्यात, मग खडकाच्या कमानीखाली सावलीत. प्रकाश कमी पडत असेल असं वाटून दोन दिवस सगळ्यात वर ठेवलं, तर रंगच उडाला. आता परत मधल्या खडकावर आहे.

एका डोक्याचं मांस एका बाजूने मागे सरकलंय आणि सांगाड्याच्या पांढऱ्या कडा दिसायला लागल्यात. आज सकाळी ते बघून पोटात खड्डा पडला. जिवंत प्राणी घरात आणलाय आणि त्याला काय हवंय ते मला कळत नाहीये.

आजची मापं: तापमान २५.५ अंश, खारटपणा १.०२५, अल्कलिनिटी ८.४, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६.

याला नेमकं कुठे ठेवू?

ओहोटी | ६ सप्टेंबर, रात्री १०:१५

अरेरे. माझं टॉर्च गेल्या वर्षी असंच गेलं, आठ दिवसांत संपलं. मांस मागे सरकतंय म्हणता तर वेळ घालवू नका, आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढा. मी ते उशिरा केलं याची अजून चुटपुट आहे.

खारेपाणी | ६ सप्टेंबर, रात्री ११:०२

सागरगोटा, आधी एक काम करा: त्याला आज हलवू नका. उद्याही नको.

मी ह्यूस्टनला बारा वर्षं रीफ (प्रवाळांची) टाकी ठेवतोय. तुमची मापं वाचली, त्यात टॉर्च मरावं असं काही नाही. पाच आठवड्यांत पाच वेळा जागा बदललीत, हे मात्र डोळ्यात भरलं. कुठल्याच जागेला तुम्ही न्याय दिलेला नाही, म्हणून कुठली चांगली आणि कुठली वाईट हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

ओहोटी, आयोडीनबद्दल थोडं वेगळं मत आहे. मांसावर तपकिरी, शेवाळी, लोंबणारा चिकटा दिसला आणि घाण वास आला तर तो ब्राउन जेली रोग. तो खरंच रात्रीत डोकं खातो आणि शेजारच्या डोक्यावर जातो. तेव्हा वाट बघायची नाही. बाहेर काढायचं, चिकटा ओढून घ्यायचा, आयोडीनमध्ये बुडवायचं, जमलं तर रोगट डोकं कापून वेगळं करायचं. तुमच्या टॉर्चला तेच झालं असावं. पण चिकटा नसताना, आधीच दमलेल्या कोरलला काढून औषधात बुडवणं म्हणजे आणखी एक धक्का.

सागरगोटा, आता मला हे सांगा. पंप कुठे लावलाय आणि तो कसा चालतो, सतत की थांबून थांबून? दिवा किती तास? दुकानात ते कशाखाली होतं? खारटपणा कशाने मोजता? आणि अख्ख्या टाकीचा समोरून काढलेला एक फोटो टाका. सगळे जण नुसत्या कोरलचा फोटो टाकतात. मला त्याचे शेजारी बघायचेत.

सागरगोटा | ७ सप्टेंबर, सकाळी ७:२०

फोटो टाकलाय. चिकटा नाही, वासही नाही.

पंप उजव्या काचेवर आहे, एकाच वेगाने सतत चालतो. दिवा नऊ तास, त्यात पहिला आणि शेवटचा तास फक्त निळा. दुकानात ते उथळ टाकीत होतं, दिवा खूप निळा आणि मंद वाटला. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजते. मधे मधे नळाच्या पाण्याने शून्य जुळवून घेते.

खारेपाणी | ७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

रिफ्रॅक्टोमीटर नळाच्या पाण्याने जुळवू नका. त्यात क्षार असतात. शिवाय शून्यावर बरोबर दाखवणारं यंत्र पस्तिसावर (समुद्राचं पाणी, हजारात ३५ भाग क्षार) चुकू शकतं. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, ते वापरून तपासा आणि काय आलं ते कळवा.

जवळपास छंदी लोकांचा क्लब असेल तर पार मीटर (कोरलला मिळणारा प्रकाश मोजणारं यंत्र) भाड्याने मिळतो का तेही विचारा. डोळ्याला जे उजेडाचं वाटतं ते कोरलला तसंच असेल असं नाही. निळा प्रकाश आपल्याला मंद दिसतो, कोरलला मात्र तोच लागतो.

नवशिका | ७ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मी पुण्यात असतो. गोड्या पाण्याच्या टाक्या बरीच वर्षं करतोय. धागा वाचून आता खाऱ्या पाण्याची इच्छा झालीय. इकडे टॉर्च कोरल कुठे मिळेल?

सूक्ष्मदर्शी | ७ सप्टेंबर, दुपारी १:१०

नवशिका, कृपया घेऊ नका. भारतात सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांनाही तेच संरक्षण आहे. कोणी गुपचूप विकायला आणलं तरी ते घेणं गुन्हाच ठरतं, आणि असं कोरल बहुतेक वेळा कुणाच्या तरी किनाऱ्यावरून छिन्नीने तोडलेलं असतं. खाऱ्या पाण्याची टाकी जरूर करा. मासे आणि कोरडा खडक (समुद्रातून जीवांसकट काढलेला 'जिवंत खडक' नव्हे) यांवरही सुंदर टाकी होते.

सागरगोटा यांच्याकडे गोष्ट वेगळी आहे. तिथे शेतीसारखी वाढवलेली कोरलं कायदेशीर मिळतात. जंगली कोरलचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यानेच होतो. सागरगोटा, जमलं तर पुढच्या वेळी दुकानात विचारा की हे समुद्रातून आलंय की वाढवलेलं आहे. वाढवलेलं कोरल टाकीत टिकायची शक्यता जास्त असते.

आता मूळ प्रश्नाकडे. मी गोव्यात सागरी जीवशास्त्रात काम करते. खारेपाणी यांनी 'हलवू नका' म्हटलं त्यामागचं कारण थोडं उलगडून सांगते, कारण ते समजलं की हात आपोआप आवरतो.

टॉर्चच्या मांसात सूक्ष्म शैवालाच्या पेशी राहतात. त्या प्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा कोरलला देतात. प्रकाश कमी झाला की या पेशी आपली रंगद्रव्यं वाढवतात, म्हणून सावलीतलं कोरल गडद, तपकिरी दिसतं. प्रकाश वाढला की त्या रंगद्रव्यं कमी करतात. ही जुळवाजुळव एका रात्रीत होत नाही, तिला आठवडे लागतात. तुम्ही त्याला कमानीखाली आठवडाभर ठेवलंत. तिथे ते अंधारासाठी तयार होऊ लागलं, आणि नेमकं तेव्हाच दिव्याखाली गेलं. जास्तीची रंगद्रव्यं, त्यावर एकदम जास्त प्रकाश, म्हणजे पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल आपलंच शैवाल बाहेर टाकायला लागतं. तुम्हाला 'रंग उडाला' असं दिसलं ते हे.

प्रवाहाचंही तसंच. कोरलच्या अंगाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. दिवसा तयार होणारा जादा ऑक्सिजन या थरातून बाहेर जायचा असतो, रात्री तोच आत यायचा असतो. पाणी साचलं तर थर जाड होतो आणि कोरल गुदमरतं. पाण्याचा मारा सतत एकाच बाजूने असला तर मांस सांगाड्याच्या धारदार कडांवर घासून फाटतं.

सागरगोटा | ७ सप्टेंबर, रात्री ९:०५

सूक्ष्मदर्शी, तुमचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे आपण त्याची शाळा सारखी बदलतोय." मला काही बोलताच आलं नाही.

हलवणार नाही. वचन.

तारकर्ली | ८ सप्टेंबर, दुपारी ४:४५

मी टाकीवाला नाही, तारकर्लीत डायव्हिंग शिकवतो. पण हा धागा वाचला आणि राहवलं नाही.

आमच्या हयसर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे हे मालवणात वाढलेल्या कित्येकांना आजही ठाऊक नसतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. पाणी गढूळ, पावसाळ्यात तर हाताची बोटं दिसत नाहीत. आत्ता कुठे निवळायला लागलंय. तरीही पोरायटिस, टर्बिनारिया, फेव्हायटिस तिथे टिकून आहेत. उलट विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या आंग्रिया बँकेवर (पाण्याखालचं पठार) पाणी इतकं स्वच्छ की पंचवीस मीटरवरही प्रकाश पोचतो. दोन्ही एकाच राज्याच्या समोरचे समुद्र, पण तिथल्या प्रवाळाला इथे आणून ठेवा म्हटलं तर जमणार नाही.

टर्बिनारियाचं बघा. जिथे प्रकाश भरपूर तिथे ती पानकोबीसारखी उभी, दुमडलेली वाढते. खोलात किंवा गढूळ पाण्यात तीच ताटासारखी आडवी पसरते, मिळेल तेवढा प्रकाश झेलायला. जागेप्रमाणे अंग बदलते, पण जागा बदलत नाही. प्रवाळाचं पिल्लू पाण्यातून तरंगत येतं, खडक चाचपतं, आवडला नाही तर पुढे जातं. एकदा चिकटलं की संपलं. पुढची दहा, पन्नास, शंभर वर्षं तिथेच. उठून जाणं हे त्याला माहीतच नाही, त्याच्या अंगात ती सोयच नाही. टाकीत आपण ते रोज करायला लावतो.

खारेपाणी | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

तारकर्ली, तुमचा प्रतिसाद मी माझ्या क्लबातल्या मित्रांना वाचून दाखवणार आहे.

सागरगोटा, फोटो मोठा करून बघितला. मधल्या खडकाच्या उजवीकडे, पंपाच्या खाली, ते 'चांदण्यांसारखं हिरवं' आहे ना? मुठीएवढं. त्याचं नाव माहितीय?

सागरगोटा | ८ सप्टेंबर, रात्री ८:१०

नाही. पंचवीस सेंटच्या नाण्याएवढा तुकडा होता, दुकानात नाव लिहिलेलं नव्हतं. आमचं सगळ्यात जुनं कोरल, कधी त्रास नाही. टॉर्चपासून सहा-सात इंच लांब आहे.

रिफ्रॅक्टोमीटर द्रावणाने तपासला. १.०२५ दाखवत होता तेव्हा खरा आकडा १.०२३ होता!

खारेपाणी | ८ सप्टेंबर, रात्री ८:३५

१.०२३ चांगलं नाही, पण त्याने एकाच बाजूचं मांस जात नाही. दुरुस्ती सावकाश करा. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना काही दिवस गोड्याऐवजी खारं पाणी भरा. दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त वाढ नको, १.०२६ ला थांबा.

आता त्या हिरव्याबद्दल. ती गॅलेक्सिया आहे असं मला जवळजवळ नक्की वाटतंय. दिवसा गोड दिसते. रात्री काय करते ते तुम्ही आज स्वतः बघा. दिवे गेल्यावर दोन तास थांबा, बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा, खोली पूर्ण अंधारी ठेवा. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. पंप चालूच राहू द्या, तो बंद केलात तर काही दिसणार नाही.

आणि एक प्रश्न. ज्या बाजूचं मांस गेलं ती बाजू सुरुवातीला कुणाकडे तोंड करून होती?

सागरगोटा | ९ सप्टेंबर, पहाटे १२:५०

झोप उडालीय.

गॅलेक्सियामधून पांढुरके, केसांपेक्षा थोडे जाड धागे निघालेत, वीतभर लांब. पंपाच्या प्रवाहात ते सगळे डावीकडे लहरत होते आणि त्यांतले तीन-चार सरळ टॉर्चच्या अंगावर आपटत होते. धागा लागला की टॉर्च ती बाजू आत ओढून घेत होतं. मी वीस मिनिटं तिथे बसून होते. चौदा महिने मी दिवे मालवून 'गुड नाइट' म्हणत होते आणि त्यानंतर टाकीत काय चालतं हे एकदाही बघितलं नव्हतं.

लेकाने ऑगस्टमध्ये रोज फोटो काढले होते. ते आत्ता उघडले. ६ ऑगस्टच्या फोटोत टॉर्चची आक्रसलेली बाजू उजवीकडे, बरोबर गॅलेक्सियाकडे आहे. वाळूत उजवीकडे ठेवलं होतं तेही तिच्याच खाली.

ओहोटी | ९ सप्टेंबर, सकाळी ६:१५

हे वाचून मी माझे जुने फोटो काढले. माझ्याकडेही गॅलेक्सिया होती. आठ इंचांवर. मी वर्षभर पाण्याला दोष दिला.

सूक्ष्मदर्शी | ९ सप्टेंबर, सकाळी ९:४०

फार छान निरीक्षण. या धाग्यांना स्वीपर म्हणतात. त्यांच्या टोकांना डंखपेशी दाटीने असतात आणि समुद्रात कोरल त्यांच्या जोरावर स्वतःभोवतीची जागा मोकळी राखतं. टॉर्चलाही असे स्वीपर असतात, तेव्हा ते सावरल्यावर डंकन किंवा झोअँथिड त्याच्या जवळ येऊ देऊ नका. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही टॉर्चसारखीच कोरलं एकमेकांना लागून आनंदाने राहतात, म्हणून लोक टॉर्चही त्यांच्यात ठेवतात आणि मग हॅमर भाजतं. तिन्ही पूर्वी युफिलिया या एकाच प्रजातीत (जीनस) धरत. आता हॅमर-फ्रॉगस्पॉन फिंब्रियाफिलिया म्हणून वेगळे काढलेत, टॉर्च युफिलियातच राहिलंय.

अंतर मोजताना पट्टी सगळीकडे सारखी धरायची नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला दोन इंच पुरतात, खालच्या अंगाला आठही पुरत नाहीत.

खारेपाणी | ९ सप्टेंबर, सकाळी १०:२०

आता हलवायला कारण मिळालं. पण हलवायचं गॅलेक्सियाला. तिचा खडक सुटा असेल तर डाव्या टोकाला, प्रवाह जिथे काचेवर आपटून संपतो तिथे न्या, किंवा सरळ क्लबात कुणाला देऊन टाका. इतक्या छोट्या टाकीत मी ती ठेवत नाही.

टॉर्चची पक्की जागा पार मीटर आल्यावर ठरवू. ती एकदाच ठरवायची.

सागरगोटा | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

गॅलेक्सिया शनिवारी क्लबातल्या एका काकांना दिली. त्यांच्याकडे तिच्यासाठी वेगळा खडक आहे. लेकाला वाईट वाटलं, ती त्याची पहिली कोरल होती. काकांनी त्याला दर महिन्याला फोटो पाठवायचं कबूल केलंय. त्यांनीच पार मीटर आठवड्यासाठी दिला.

मोजमाप: सगळ्यात वर ३१०. मधला खडक १७५. उजवी वाळू ९०, डावी वाळू ६०. कमानीखाली ३५. म्हणजे मी त्या बिचाऱ्याला एकदम ३५ वरून ३१० वर नेलं होतं. आकडा कागदावर लिहिताना हात थांबला.

खारेपाणी | १४ सप्टेंबर, रात्री १०:१०

माहीत नसताना झालं. आता माहीत आहे.

टॉर्चला साधारण ८० ते १५० मध्ये चालतं. दुबळं आहे तेव्हा १०० च्या आसपासची जागा शोधा. मला वाटतं डावीकडे, पुढच्या काचेपासून थोडं आत, वाळूवर चार-पाच इंच उंचीचा सुटा खडक ठेवलात तर तिथे तेवढं मिळेल. सुटा खडक असण्याचा फायदा असा की पुढे कधी गरज पडली तर कोरलला हात न लावता खडक सरकवता येतो. आणि वाळूवर न ठेवल्याने गोबीने उकरलेली वाळू त्याच्या तोंडात जाणार नाही. मीटर घेऊन खडकाच्या माथ्यावर धरा, आकडा आला की मगच टॉर्च ठेवा.

प्रवाहासाठी पंप थांबून थांबून चालणाऱ्या पद्धतीवर लावा आणि तोंड समोरच्या काचेकडे थोडं वळवा, म्हणजे पाणी काचेवर आदळून तुटून येईल. बघायचं कसं, तर बोटं शेतातल्या कणसांसारखी डोलली पाहिजेत, कधी इकडे कधी तिकडे. सगळी एकाच दिशेला आडवी पडली तर मारा जास्त. अजिबात हलली नाहीत तर पाणी साचलंय. सध्या बोटं बाहेर नाहीत तेव्हा माशांच्या खाण्याचे चार कण तिथे सोडा आणि ते कसे जातात ते बघा.

डाव्या कोपऱ्यात मागच्या वेळी काय बिनसलं होतं?

सागरगोटा | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

क्लाउनफिश. मोठी मादी त्याच्यात अंग घासायची, घर करायचा प्रयत्न करायची. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण मिटलं होतं.

खारेपाणी | १४ सप्टेंबर, रात्री १०:५५

निरोगी, मोठ्या टॉर्चला ते सोसतं. दोन डोक्यांच्या आजाऱ्याला नाही. एखादा प्लास्टिकचा जाळीदार डबा, भाजीचा असतो तसा, पण नवा, न रंगवलेला, त्यावर पालथा ठेवा. पाणी जाईल, मासा जाणार नाही. जाळीने थोडा प्रकाश अडतो, तेही सध्या बरंच. दोन-तीन आठवड्यांनी काढा. त्यावर शेवाळ धरलं तर धुऊन परत ठेवा.

आणि मग चार आठवडे हात टाकीबाहेर. अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा, ८ ते ९ मध्ये एकसारखी ठेवा. बोटं बाहेर येईपर्यंत खायला घालू नका, मिटलेल्या तोंडावर पडलेलं अन्न तिथेच कुजतं.

सागरगोटा | १५ सप्टेंबर, रात्री ८:००

खडक ठेवला. माथ्यावर १०५. जाळी ठेवल्यावर ८०. टॉर्च ठेवताना सांगाड्याला धरलं, मांसाला हात लावला नाही. खाल्लेली बाजू समोर ठेवलीय, म्हणजे रोज दिसेल.

सागरगोटा | २६ सप्टेंबर, रात्री ९:१५

अकरा दिवस झाले. पहिलं डोकं, जे बरं होतं, ते दुपारी थोडं फुगतं, पण बोटं नाहीत. दुसऱ्याचं अर्धं मांस गेलं. सरकवावंसं फार वाटतंय. जरा उजवीकडे, अगदी दोन इंच.

तारकर्ली | २६ सप्टेंबर, रात्री ९:४०

नको गो ताई.

सूक्ष्मदर्शी | २७ सप्टेंबर, सकाळी ८:३०

अकरा दिवस म्हणजे शैवालाची जुळवणी अजून चालू आहे. दुपारी फुगतंय हे मला फार आश्वासक वाटतं. मांसात पाणी भरून घ्यायला ताकद लागते, मरणारं कोरल ते करत नाही. रोज त्याच वेळी, त्याच कोनातून फोटो काढायचं काम लेकाला द्या. डोळ्याला न दिसणारा फरक आठवड्याच्या फोटोंत दिसतो.

ओहोटी | २७ सप्टेंबर, सकाळी १०:००

मीही रोज हा धागा उघडते. इथे बसून काही करता येत नाही, पण लक्ष तिकडेच असतं.

सागरगोटा | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

बोटं!! पहिल्या डोक्याची सहा-सात बोटं अर्धा इंच बाहेर. लेक शाळेतून येऊन दप्तरासकट टाकीपाशी गेला आणि तिथूनच ओरडला. फोटो टाकलाय, अंधुक आहे कारण त्याचा हात थरथरत होता.

खारेपाणी | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

बघितलं. अजून आठवडाभर जाळी राहू द्या.

सागरगोटा | १९ ऑक्टोबर, रात्री ९:००

जाळी ११ तारखेला काढली. क्लाउनफिश दोन दिवस घुटमळली, मग आपल्या जुन्या कोपऱ्यात गेली. पहिलं डोकं आता दिवसभर उघडं असतं. परवा पंप बंद करून मायसिस कोळंबीचा एक बारीक तुकडा चिमट्याने बोटांवर सोडला. एका बोटाने धरला, दुसऱ्याने वाकून मदत केली, आणि पाचेक मिनिटांत तो मधल्या तोंडाशी गेला. आठवड्यातून दोनदा एवढंच देणार आहे.

दुसरं डोकं गेलं. ८ तारखेला शेवटचा मांसाचा तुकडा सुटला. सांगाडा पांढरा पडून आता त्यावर हिरवं शेवाळ धरतंय. लेकाने विचारलं, आधी कळलं असतं तर वाचलं असतं का. मी हो म्हटलं. खोटं सांगावंसं वाटलं नाही.

सूक्ष्मदर्शी | २० ऑक्टोबर, सकाळी ९:१०

बरोबर केलंत.

सागरगोटा | २२ नोव्हेंबर, रात्री ८:४५

दहा आठवडे त्याच जागी. पहिल्या डोक्याची बोटं अडीच इंच झालीत, टोकाचे पिवळे मणी परत आलेत. खारटपणा १.०२६ वर स्थिर, अल्कलिनिटी ८.३ ते ८.६. रात्री लाल बॅटरीने बघायची आता सवय लागलीय. टॉर्चनेही दोन स्वीपर काढलेत, डंकनपासून ते अजून चार इंच लांब आहेत.

एक विचारायचं होतं. मेलेल्या फांदीचा सांगाडा तसाच ठेवू की कापू? त्यावरचं शेवाळ जिवंत डोक्याकडे सरकतंय असं वाटतं.

खारेपाणी | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

कापा, पण घाई नाही. फांद्या जिथे फुटतात त्याच्या वर, जिवंत मांसाच्या कडेपासून निदान एक इंच सोडून. हाडकापी कात्रीने सांगाडा तडकत जातो आणि तडा कुठे जाईल सांगता येत नाही, त्यापेक्षा हिऱ्याचं पातं लावलेला छोटा फिरता कटर बरा. पातं आणि जिवंत डोकं दोन्ही टाकीच्या पाण्याने ओलं ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, हातमोजे घाला. दहा मिनिटांत काम होतं.

पण कापण्याआधी त्या मेलेल्या फांदीच्या बुडाशी भिंगाने नीट बघा, चारही बाजूंनी. मांस पूर्ण गेलंय असं वाटतं तिथूनही कधी कधी नवं डोकं फुटतं.

सागरगोटा | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

भिंग लेकाकडे होतं, त्यानेच बघितलं. बुडाशी, मागच्या बाजूला, मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका आहे. लाल बॅटरीत तो हलला असं तो म्हणतो. मला अजून दिसलेलं नाही, आज रात्री परत बसणार आहोत.

कापत नाही.